डोक्याचा फोटो नको म्हणणारे डॉक्टर

माझ्या मशीनचा त्यांनी जेवढा अपमान केला तेवढा दुसऱ्या कुणी केला असता, तर मी त्याला दवाखान्याच्या गेटापर्यंत पळवत नेलं असतं. त्यांचं मात्र पाच वर्षं ऐकून घेतलं, वर त्यांना चहाही पाजला.

मी सी.टी. स्कॅनची टेक्निशियन. ब्राह्मणपुरीच्या शेतकरी घरातली. घरी गुजरी बोलायची, दवाखान्यात दिवसभर अहिराणी ऐकायची आणि रिपोर्टावर इंग्रजी छापायची, असा माझा दिनक्रम. आमचा दवाखाना शहाद्याकडच्या एका ट्रस्टचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण ट्रस्टी अजून तेच आहेत. मशीन आलं त्या दिवशी नारळ फुटला, मशीनच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि माझे वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळी भावकी भरून ते बघायला घेऊन आले. एका काकूने मशीनला हात जोडून, "माझ्या सुनेचं डोकं यात घालता येईल का?" असं विचारलं. अख्ख्या दवाखान्यात ए.सी. दोनच ठिकाणी होता, एक माझ्या खोलीत आणि एक शवागारात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सगळा स्टाफ माझ्यावर जीव टाकायचा.

एवढा थाट असताना शेजारच्याच व्हरांड्यातल्या मानसिक आजारांच्या ओपीडीतून माझ्याकडे पेशंटच येईना. आधीच्या डॉक्टरांच्या वेळी बरं होतं. पोरगं एकटंच बडबडतंय, रात्र-रात्र झोपत नाही, कुणीतरी मारायला टपलंय म्हणतंय, असं घरच्यांनी सांगितलं की पहिली चिठ्ठी माझ्याकडे यायची. आधी डोक्याचा फोटो, मग बाकीचं. हे नवे डॉक्टर आल्यापासून ते बंद झालं. महिनाभर वाट बघितली आणि रजिस्टर काखेत मारून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, तुमच्याकडून एकही पेशंट नाही. माझ्या मशीनमध्ये काही खोट दिसली का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताई, तुन्हं मशीन चांगलं शे. पण माले जे देखनं शे, ते तेन्हामा दिखत नही."

"मग ते कशात दिसतं?"

"चाल, दाखाडस," म्हणाले आणि उठून चालायला लागले.

ही त्यांची प्रसिद्ध फेरी. ओपीडीचं दार, मग नळकोंडाळं, मग चादरी वाळत घालतात तो दोऱ्यांचा चौक, मग एक उघडी गटार ओलांडायची, मग सात पायऱ्या चढून कॅन्टीन, तिथे बशीतून चहा आणि परत येताना उतार. पेशंटला खुर्चीवर बसवून त्यांनी तपासलेलं मी क्वचितच बघितलं. आधी ही फेरी व्हायची, आणि तीही एकट्या पेशंटची नाही. सोबत आलेले आई-बाप, मामा, गावचा सरपंच, सगळ्यांना घेऊन वरात निघायची. पेशंट कोण ते बघणाऱ्याला कळू नये, असा त्यांचा आग्रह. एकदा त्या वरातीत तालुक्याहून तपासणीला आलेले एक साहेब सापडले. सात पायऱ्या चढून झाल्यावर त्यांनी आपण कोण ते सांगितलं, तोवर डॉक्टरांचं त्यांना "डोक्याले कधी मार लागना का?" हे विचारून झालं होतं.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. पेशंटला विचारत, चहावाल्याला विचारत, माझ्या चुलतभावाच्या हळदीला आले तेव्हा त्यांनी नवरदेवालाही विचारलं. "पडनास का कधी? झाडवरथून, गाडीवरथून?" नवरदेव बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मुलीकडच्यांनी चौकशीला माणूस पाठवलाय.

फेरीत ते काय बघत हे मला हळूहळू कळलं. दोन्ही हात सारखे हलतात का, गटार ओलांडताना कुठला पाय आधी घाबरतो, पायरी चुकते का, बशीतला चहा सांडतो का, सांडला तर कुठल्या बाजूला. आणि हे सगळं गप्पा मारता मारता. कॅन्टीनमध्ये पोचले की ते खिशातून सुई-दोरा काढत. शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं असे. "जरा ओवी दे ना भाऊ, माले दिखत नही." पेशंट सुई ओवून द्यायचा, कधी कधी बटणही लावून द्यायचा.

मला त्या बटणाची फार दया यायची. एकटा राहणारा माणूस, घरात बघणारं कुणी नाही. एक दिवस मी हट्टाने त्यांचा ॲप्रन काढायला लावला आणि शर्टाचं बटण अंगावरच पक्कं शिवून दिलं, दोरा तीनदा गुंडाळून. दुसऱ्या दिवशी ते तुटलेलं. पुन्हा शिवलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्या दिवशी मला त्यांच्या टेबलावर छोटी कात्री दिसली आणि माझी ट्यूब पेटली. रोज सकाळी ओपीडी उघडण्याआधी ते स्वतःच बटण कापत होते. बोटांची थरथर, नजर, लक्ष, सगळं त्यांना त्या एका सुईतून कळायचं आणि मी आपली त्यांचं तपासणीचं हत्यार शिवून टाकत होते.

ड्रॉवरमध्ये त्यांच्या चार बाटल्या असत. कॉफी, लवंग, हिंग आणि वाळलेली मोहाची फुलं. डोळे मिटून एकेक नाकपुडीने वास ओळखायचा. नर्स म्हणाली, "सर, आपल्या नंदुरबारची मिरची ठेवा की, आंधळ्यालाही ओळखता येईल." तर म्हणाले, मिरची नाकाला कळत नाही, ती डोळ्यांना झोंबते, तिने फसगत होते. वास कळतो की नाही यावरून डोक्याच्या पुढच्या भागाचा अंदाज येतो म्हणे. मलाही एकदा बसवलं. मला लवंग आणि हिंगात फरक कळला नाही. "ए.सी.नी तुन्हं नाक खाई टाकं," म्हणून त्यांनी आठवडाभर माझी चेष्टा केली.

माझ्या खोलीची त्यांना भारी धास्ती. गारठा सोसायचा नाही. म्हणून त्यांनी माझ्या दाराबाहेर खिळा ठोकून एक तपकिरी मफलर कायमचा टांगून ठेवला होता. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, माणसं ओले पंचे डोक्यावर घेऊन हिंडतायत आणि हे मफलर गुंडाळून आत येतायत. बाहेर पडताना तो काढून पुन्हा खिळ्याला लावायचे आणि घाम पुसायचे.

स्कॅन कमी झाले तसा ट्रस्टच्या अध्यक्षांपर्यंत बोभाटा गेला. मीच केला होता, खोटं कशाला बोलू. अध्यक्ष तावातावाने आले. "एवढं मोठं मशीन आणून ठेवलं आम्ही, आणि तुम्ही पेशंट पाठवत नाही!" डॉक्टर म्हणाले, "चला, फिरत फिरत बोलू." मी खिडकीतून बघत होते. नळकोंडाळ्यापर्यंत अध्यक्ष बोलत होते. चादरींपाशी त्यांचा आवाज उतरला. सात पायऱ्या चढल्यावर ते कठड्याला धरून उभे राहिले आणि डॉक्टर त्यांची नाडी धरून. बी.पी. एवढं निघालं की त्यांना तिथल्या तिथे झोपवावं लागलं. त्यानंतर अध्यक्षांनी मशीनचा विषय काढला नाही, उलट दर पंधरवड्याला फेरीला यायला लागले.

मग डॉक्टरांनी ओपीडीची भिंत रंगवून घेतली. ट्रकवर मागे नक्षी काढणारा एक पेंटर त्यांचा जुना पेशंट होता, त्याला बोलावलं. लाल अक्षरांत लिहून घेतलं: डोक्याला मार लागलाय का, फीट आलीय का, ताप आहे का, एका बाजूचा हात-पाय जड झालाय का, एकाएकी डोकं फुटेल असं दुखून उलट्या झाल्यात का, मध्येच ग्लानी येते का, उतारवयात हे पहिल्यांदाच झालंय का. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर फोटोवाल्या ताईकडे पळा, मला विचारत बसू नका. एकही 'हो' नसेल तर माझ्याबरोबर चहा प्या. पेंटरने खाली आपल्या मनाने दोन गुलाब आणि एक मोर काढून दिला.

"पण सर, फोटो काढला तर बिघडतं काय?" मी विचारलं होतं. "नाही निघालं काही तर नाही. माणसाची शंका तरी फिटते."

"ताई, शंका फिटत नही, गोळी सुटस," ते म्हणाले. मला तेव्हा ते काही पटलं नाही. मला वाटलं, या माणसाला मशीनचा आकस आहे.

तो समज एका दुपारी गेला. नवापूरच्या डोंगरांतून एका साठीच्या शेतकऱ्याला घेऊन त्याचे दोन मुलगे आले होते. देवळात जाणारा शांत माणूस, पंधरा दिवसांपासून शिव्या देत होता, बायकोला ओळखत नव्हता, भिंतीत माणसं दिसतात म्हणत होता. बाहेरचं झालंय म्हणून आधी दोन ठिकाणी नेऊन झालं होतं. डॉक्टर त्याला घेऊन फेरीला निघाले. नळकोंडाळ्याच्या पुढे म्हाताऱ्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. तो तसाच पुढे चालत राहिला, त्याला पत्ताच नाही. डॉक्टरांनी ती चप्पल उचलली आणि ते पळत सुटले. पंचावन्न वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, हातात दुसऱ्याची चप्पल, मफलर न घेता थेट माझ्या खोलीत. "ताई, आत्ते! आत्तेच्या आत्ते!"

म्हातारा महिन्यापूर्वी ताडावरून पडला होता. मुलांना ते किरकोळ वाटलं होतं, कारण रक्त आलं नव्हतं. आत मात्र रक्त साकळून मेंदू दाबत होतं. मी फोटो स्क्रीनवर आणला तेव्हा डॉक्टर माझ्या खांद्यामागे कुडकुडत उभे होते. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला सुरतेला पाठवलं, ऑपरेशन झालं आणि सव्वा महिन्याने तो स्वतःच्या पायांनी, दोन्ही चपला घालून, मला टोपलीभर सीताफळं द्यायला आला.

माझी मान काय ताठ झाली म्हणून सांगू! जो येईल त्याला मी ती गोष्ट सांगत होते. आणि गोष्ट सांगता सांगता त्यातली फेरी गळून पडली, चप्पल गळून पडली, नुसतं मशीन उरलं. एस.टी.त, बाजारात, डोंगरात ती गोष्ट अशीच गेली, की शहाद्याकडच्या दवाखान्यात एक मशीन आहे, त्यात झोपवलं की वेडा माणूस बरा होतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या बढाईत आहे.

आमच्या दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती. तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, तोरणमाळच्या पठारावरची. तिच्या पाड्यावरून खाली शिकायला आलेली पहिलीच. हात इतका हलका की लहान पोरं "तीच ताई सुई देईल" म्हणून अडून बसायची. दुपारी ती माझ्याकडे ए.सी.त डबा खायला यायची आणि मशीनबद्दल शंभर प्रश्न विचारायची. शेवटच्या परीक्षेला तीन महिने राहिले असताना ती यायची बंद झाली. मग दिसली ती कानात कापसाचे बोळे घालून. मेसमधल्या बायका आपल्याबद्दलच बोलतात म्हणायला लागली. झोपेना, जेवेना. एक माणूस सतत कानाशी बोलतो आणि आपली प्रत्येक चूक सांगतो, असं तिने वॉर्डनला सांगितलं.

वॉर्डनने तिला डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी तिच्याबरोबर एक सोडून तीन फेऱ्या घातल्या. सुई ओवून घेतली, चारही वास विचारले, डोळ्यांच्या आतला पडदा दिव्याने बराच वेळ बघितला. भिंतीवरच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर 'नाही' आलं. गोळ्या सुरू केल्या आणि मला म्हणाले, लवकर सापडली, आता गोळ्या चुकल्या नाहीत तर ही परीक्षेला बसेल. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना भजी खाऊ घातली.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील घाट उतरून आले. त्यांना एस.टी.त ती गोष्ट कळली होती. "मशीनमा घाला," एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावलं, चहा पाजला, फोटोची गरज नाही म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले आणि माझ्या दाराबाहेर, त्या मफलराखाली उकिडवे बसून राहिले. दोन दिवस. मी येता-जाता माझ्याकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "ताई, मन्ही एकच पोर शे."

मी विरघळले. आणि नुसती विरघळले म्हटलं तर अर्धंच खरं. माझ्या मशीनवर एवढा विश्वास असलेला माणूस दारात बसलेला मला आवडतही होता. डॉक्टर त्या दिवशी धडगावच्या शिबिराला गेले होते. नव्या मेडिकल ऑफिसरला गळ घालून मी चिठ्ठी लिहून घेतली. तिला आत झोपवलं. तिने डोळे मिटले होते, मुठी आवळल्या होत्या. फोटो निघाला, अगदी स्वच्छ. रिपोर्ट सांगणं माझं काम नव्हतं. तो मोठे डॉक्टर बघतात, लिहितात, मग सांगतात. पण बाप दारात हात जोडून उभा होता. मी हसून मोठ्याने म्हटलं, "काही नाही काका! काही म्हणजे काही नाही! एकदम नॉर्मल!"

त्यांनी मशीनला हात लावून नमस्कार केला. धोतराच्या सोग्यातून चारोळीची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. पोरीला आठ दिवस घरी नेतो म्हणाले, सोबत फिल्म नेली. त्या गडबडीत तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही.

आठ दिवसांचे सोळा झाले. तपासणीच्या तारखेला ती आली नाही. वॉर्डनने तिच्या हॉस्टेलच्या खणात बघितलं तर गोळ्यांची पाकिटं तशीच ठेवलेली. त्या दुपारी डॉक्टर माझ्या खोलीत आले, मफलर न घालता. उभ्यानेच म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. तोरणमाळले जाऊ." ओरडले असते तर मी उलट चार शब्द बोलले असते. ते ओरडले नाहीत, तिथेच फसले मी.

सकाळी दवाखान्याच्या जीपने निघालो. त्यांनी ड्रायव्हरला डोक्याचा मार विचारून घेतला. घाटाच्या वळणांवर मला मळमळायला लागलं तेव्हा खिशातून लवंगांची बाटली काढून दिली, "देख, आते तरी वळखू येस का." मी हसले आणि मग मला रडू फुटलं. "सर, तुम्हीच बोला त्यांच्याशी. मला नाही जमणार."

"मी बोलनू व्हतू. तेस्नी तुन्हं ऐकं," ते म्हणाले. "आते बी तुन्हंच ऐकतीन."

पाड्यावर पोचलो तर घर दुरूनच ओळखू आलं. कुडाच्या घराच्या दाराला सुतळीने ती फिल्म टांगलेली होती आणि उन्हात तिच्यावरच्या सोळा चौकटींत पोरीचं डोकं सोळा वेळा चमकत होतं. वडिलांनी आनंदाने खाट टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फिल्म दाखवत होते: मशीनने बघितलं, पोर ठीक आहे. पोर मागच्या अंगणात मक्याच्या कणसांच्या ढिगापाशी बसली होती. केस विंचरलेले नाहीत, गालांची हाडं वर आलेली, कानांवर हात.

मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली. मी काही नाही म्हटलं ते चुकीचं होतं. गोळ्या चालू ठेवायच्या होत्या."

त्यांचा चेहरा पडला. "ताई, तूच तं सांगं, काही नही. मंग मशीन खोटं बोलस का? काही नही तं गोळ्या कशाले?"

आता मी माझ्या मशीनची बाजू घेऊ की पोरीची? डॉक्टर खाटेवरून उठले, अंगणाच्या टोकाला गेले आणि त्यांनी मोबाईलमध्ये घराचा फोटो काढला. तो वडिलांच्या हातात दिला.

"दादा, हाई तुम्हनंच घर शे ना?"

"शे."

"भिंत पडेल शे का? कौल फुटेल शे का?"

"नही. चांगलं शे."

"बरं. या घरमा काल कोन जेवनं नही, ते दाखाडा माले यामा."

वडिलांनी फोटो बोटाने मोठा केला, पुन्हा लहान केला. मग हळूच म्हणाले, "यामा तं मन्ही बायको बी दिखत नही. ती मझार भाकर करी ऱ्हायनी." आत चुलीपाशी बसलेली बाई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आली आणि काय चाललंय ते बघायला लागली.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले असते तर मला वाटलं असतं, सुटलो. पण ते मक्याच्या ढिगाकडे गेले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि एक कणीस सोलायला घेतलं. "आम्ही मघापासून आपसातच बोलतोय," ते तिला म्हणाले. तिच्याशी ते नेहमी शाळेतलं मराठी बोलत. "तुला कुणी विचारलंच नाही. तू गोळ्या का सोडल्यास?"

ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तिने कानांवरचे हात काढले आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमच्या मशीनमध्ये झोपले तेव्हा मला बरं वाटत होतं. म्हटलं, आता सगळ्यांना दिसेल. तो माणूस बोलतो ते फोटोत निघेल. मग तुम्ही हसून म्हणालात, काही नाही. तेव्हा मला वाटलं, मी खोटं बोलतेय. खोटं बोलणाऱ्या माणसाने गोळ्या कशाला खायच्या?"

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाच वर्षं त्या मशीनपाशी बसून मी कितीतरी लोकांना हसून "काही नाही" म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिची माफी मागितली. नुसतं चुकलं म्हणून नाही, रडत रडत, नाक ओढत, जशी मी लहानपणी आईची मागायचे तशी.

"आवाज येतो हे खरं आहे," डॉक्टर तिला म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. म्हणून तर फोटो नको म्हटलं. तुला आत्ता भूक लागली आहे, तिचा तरी कुणी फोटो काढलाय का?"

तिने विचारलं, "परीक्षा?"

"अजून सव्वा दोन महिने आहेत. पहिली गोळी आज."

तिच्या आईने लोट्यात पाणी आणलं. पोरीने डॉक्टरांनी आणलेली गोळी घेतली, घेतल्यावर जीभ बाहेर काढून दाखवली, जसं ती वॉर्डात पेशंटना करायला लावायची तसं. डॉक्टर इतक्या जोरात हसले की कोंबड्या पळाल्या. आम्हाला वाटलं, जीपमध्ये बसेल आमच्याबरोबर. ती म्हणाली, "आज नाही. सोमवारी येईन, बाबांबरोबर, एस.टी.ने. पळवून नेल्यासारखं नको." भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर दोन-दोन मिरच्या खाऊन आम्ही घाट उतरलो.

सोमवारी ती आली. सगळं काही एका गोळीने झालं नाही. पहिले काही आठवडे तिला दिवसा झोप अनावर व्हायची. मग डॉक्टरांनी गोळी बदलली, वेळ बदलली. रोज दुपारी ते तिला फेरीला न्यायचे आणि फेरीभर तिची तोंडी परीक्षा घ्यायचे, ऑक्सिजनपासून अंगावर पाजण्यापर्यंत. मानसिक आजारांचा डॉक्टर बाळंतपणाचे प्रश्न चुकीचे विचारायचा आणि ती ते दुरुस्त करून उत्तर द्यायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी तिचे वडील पुन्हा माझ्या दाराबाहेर बसले होते. या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ती पास झाली. पहिला वर्ग चार गुणांनी हुकला, त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

मी आता कुणालाच "काही नाही" म्हणत नाही. "फोटो झाला, आता डॉक्टरांशी बोला," एवढंच म्हणते. लोक म्हणतात ताई तुसडी झाली. होऊ दे.

डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांनी पाहुण्यांचं भाषण मध्येच थांबवून त्यांना फेरीला नेलं, कारण बोलताना पाहुण्यांचं ओठाचं एक टोक कमी हलतंय असं त्यांना वाटलं. निघालं काहीच नाही, पाहुण्यांची दाढ काढलेली होती. हल्ली ते खापर गावी भावाच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला डोक्याचा मार विचारतात. बटण अजून तुटलेलंच आहे, असं ऐकते.

ती तोरणमाळची मुलगी घाटाखालच्या एका आरोग्य केंद्रात लागली. गोळ्या चालू आहेत, लहान झाल्या आहेत. मध्यंतरी तिने एकटीने पहिलं बाळंतपण केलं आणि मला फोन केला. मुलगी झाली, तीन किलोची, रडली लगेच, सगळं सांगून झालं. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी विचारलंच, "तो माणूस? अजून बोलतो का गं?"

"येतो कधी कधी," ती म्हणाली. "आजही आला होता. बाळाचं डोकं बाहेर येत होतं नेमकं तेव्हा."

"मग?"

"मग काय ताई, त्याला म्हटलं, थांब. मी ड्यूटीवर आहे."

मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.